अर्ध्या गावाची एकच जन्मतारीख

शाळा उघडायच्या दिवशी त्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस असे. न्हावी, टपाल वाटणारा, बसस्टँडवरचा चहावाला, दवाखान्यातली आया, शाळेचे अध्यक्ष, सगळे एकाच तारखेला जन्मलेले. फक्त वर्षं वेगळी. गावात नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाईंना पहिल्या महिन्यात वाटलं, केसपेपर लिहिणाऱ्या मुलीला तारखा विचारायचा कंटाळा आहे. कंटाळा होता, पण तो तिचा नव्हता. तो शाळेचा होता आणि शाळेइतकाच जुना होता.

पोराला घेऊन आलेल्या आईबापाला त्याची जन्मतारीख विचारली, की ते एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. मग शाळाच देऊन टाकायची, शाळा उघडायची तारीख. प्रश्न उरायचा वर्षाचा. त्यावर थोरल्या सरांचा तोडगा होता. थोरले सर म्हणजे एकतीस वर्षं मुख्याध्यापकाची खुर्ची अडवून बसलेला माणूस. ते पोराला समोर उभं करत, उजवा हात डोक्यावरून न्यायला लावत आणि डावा कान धरायला सांगत. बोटं कानाला टेकली, की सहा वर्षं पूर्ण. अख्खा कान मुठीत आला, की सात. टेकलीच नाहीत, तर पुढल्या वर्षी या. काम झालं, शाई वाळली, पोराचं वय कायमचं ठरलं. आखूड हातांची पोरं जन्मभर तरुण राहिली आणि लांब हातांची अकाली म्हातारी झाली. यात कुणाला काही गैर वाटलं नाही.

या तारखा ज्या रजिस्टरांत उतरत, ती छत्तीस वर्षं ज्याच्या ताब्यात होती त्या कारकुनाची ही गोष्ट. गाव त्यालाच 'रजिस्टर' म्हणे. रस्त्याने जाताना पोरं ओरडायची, "रजिस्टर चाललं रे!" आणि त्याला राग यायचा नाही. उलट छाती थोडी पुढे यायची.

शाळा मूळची मिठाचं कोठार. कोठाराच्या मालकाचा धंदा बसला तेव्हा त्याने ती इमारत गावाला देऊन टाकली. पुण्य पदरात पडलं आणि दुरुस्तीही टळली. भिंती अजून मीठ गाळतात. नव्या पोराला जुनी पोरं पहिल्या दिवशी भिंत चाटायला लावतात. फळ्यावर खडू धरत नाही, नकाशे खालून कुजतात, आणि कार्यालयातलं लोखंडी कपाट दर दोन वर्षांनी रंगवावं लागतं. त्या कपाटात नऊ रजिस्टरं होती. ओल लागू नये म्हणून कारकून ती मेणकापडात बांधून ठेवी, उन्हाळ्यात खिडकीत उघडून वाळत घाली आणि स्वतः शेजारी बसून राही. घरातली गादीही त्याने कधी अशी उन्हात घातली नसेल.

सुट्टीच्या दिवशी तो त्या रजिस्टरांवरून शाळेचा इतिहास लिहीत असे. अकरा वर्षं लिहीत होता. पहिल्या दिवशी एकोणीस मुलगे आले, त्यांतले चार जण हमालांचे, एक खाटकाचा, आणि एकाच्या बापाच्या रकान्यात 'माहीत नाही' एवढंच. बाविसाव्या वर्षी पहिली मुलगी आली आणि आठवड्यात तिचं नाव कमी झालं. शेऱ्यात लिहिलंय, 'बसायला जागा नाही'. साथीच्या वर्षी लाल शाईने अकरा नावं खोडली गेली, त्यांत दोन जुळी. एकदा छपराला आग लागली तेव्हा त्या वेळचा कारकून आधी रजिस्टरं घेऊन बाहेर पडला, आणि मग त्याला आठवलं की मागच्या खोलीत वर्ग चालू आहे. पोरं वाचली, खिडकीतून उड्या मारून. आपला रजिस्टर ही गोष्ट सांगायचा तेव्हा त्या कारकुनाची बाजू घ्यायचा.

शाळेला शंभर वर्षं पूर्ण व्हायला दोन वर्षं उरली होती. शताब्दीच्या दिवशी पहिलं रजिस्टर व्यासपीठावर न्यायचं, पहिल्या एकोणीस मुलांची नावं मोठ्याने वाचायची, आणि ती वाचणार कोण, तर शाळेचा कारकून. हे मुख्याध्यापिकाबाईंनी कबूल केलं होतं. माजी कारकून नव्हे. कारकून. या एका दिवसावर त्या माणसाचा जीव टांगलेला होता. बायको आठ वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही, घरात धाकटी बहीण आणि तिचं शिवणयंत्र. दुसरं होतं काय त्याच्याकडे?

आणि तेवढ्यात पत्र आलं. येत्या शाळा उघडण्याच्या दिवशी आपण अठ्ठावन्न वर्षांचे होत असून सेवेतून निवृत्त होत आहात.

त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याच्याच रजिस्टरात होतं. पण माणूस दुसऱ्यांच्या तारखा पाठ करतो आणि स्वतःची तेवढी विसरतो. खरं तर तो छप्पन्नचा होता. गावाच्या पुलाचं उद्घाटन ज्या दिवशी झालं, बँड वाजत होता, त्याच दुपारी आईला कळा सुरू झाल्या. ती जन्मभर सांगत आली, "हा पुलाचा, आणि धाकटी पूल झाल्यावर तिसऱ्या वर्षीची." पुलाच्या दगडावर वर्ष कोरलेलं आहे, कुणीही जाऊन बघावं. पण पाच वर्षांचा असताना त्याने थोरल्या सरांसमोर डोक्यावरून हात नेला आणि अख्खा कान मुठीत धरला. घराण्याचेच हात लांब. सरांनी लिहिलं, सात. तीन वर्षांनी धाकटी आली, तिनेही कान मुठीत धरून दाखवला आणि वर हसली. तिचीही दोन वर्षं गेली.

त्याने वय दुरुस्तीचा अर्ज केला. आता गंमत बघा. अर्ज शाळेत द्यायचा तो कारकुनाकडे. त्याने स्वतःचा अर्ज स्वतःकडे दिला, स्वतःच आवक क्रमांक टाकला आणि स्वतःला पोच दिली. त्यावर शाळेचं टिपण लिहायचं काम पण त्याचंच. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

कारण या गावात वय दुरुस्तीला आलेल्या माणसाला त्याने छत्तीस वर्षांत एकदाही दाद दिली नव्हती. ड्रायव्हर आला, त्याचं लायसन अडलं होतं. चहावाल्याची म्हातारी आली, रडली, पाया पडायला वाकली. सगळ्यांना एकच उत्तर, "रजिस्टरात आहे तेच खरं." काळ्या दगडावरची रेघ. आणि या नकाराचा एक नमुनाही होता, त्याचाच लिहिलेला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, अर्जांचं काम बघणारा थोरला कारकून रजेवर असताना, त्याने एका अर्जावर असं काही टिपण लिहिलं की वरच्या ऑफिसने ते सगळ्या शाळांना नमुना म्हणून पाठवलं. त्यातलं वाक्य आजूबाजूच्या सगळ्या शाळांतल्या कारकुनांना तोंडपाठ होतं: 'अर्जदाराचे म्हणणे अर्जदाराच्या सोयीचे आहे. नोंद कोणाच्याच सोयीची नाही. म्हणून नोंद ग्राह्य धरावी.' चोविशीतल्या पोराला (रजिस्टराप्रमाणे चोविशीतल्या) यापेक्षा मोठा मान कुठला? त्या जोरावर तो पुढची चौतीस वर्षं ताठ चालला.

फक्त एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. तो अर्ज त्याच्या बहिणीचा होता.

तिला नर्स व्हायचं होतं. शेजारच्या शहरात तीन वर्षांचं शिक्षण, राहायची सोय, आणि अट एकच, वय विसाच्या आत. ती होती एकोणीसची. रजिस्टरात होती एकवीसची. तिने अर्ज केला, पुलाचं वर्ष लिहिलं, आईचा अंगठा घेतला आणि दादाच्या हातात दिला. "तुझ्याच हातात आहे आता," असं म्हणाली आणि हसली. त्याने रात्रभर नाही, फक्त मधल्या सुट्टीत बसून ते टिपण लिहिलं. घरच्या माणसाला सवलत दिली असं कुणी म्हणू नये, हे एक कारण. दुसरं कारण त्याने स्वतःलाही नीट कधी सांगितलं नाही. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. बहीण गेली असती तर आईचं हागणंमुतणं कुणी काढलं असतं?

घरी येऊन तो म्हणाला, "वरून नकार आला गं."

तिने भांडण केलं नाही. आईचं नऊ वर्षं केलं. स्थळं यायची ती आईला बघूनच परत जायची, आणि आई गेली तेव्हा यायचीही बंद झाली. मग तिने शिंप्याकडून काम आणायला सुरुवात केली. काजं करायची, बटणं लावायची. शाळेच्या गणवेशांचीच. गावात शर्टाचं बटण लावून शाळेत गेलेलं एकही पोर असं नसेल ज्याचं काज तिच्या हातचं नाही. बटण तुटलं तर पोरं थेट तिच्या खिडकीशी येत, ती उभ्या उभ्या लावून देई आणि कुणाला ताप दिसला तर हात लावून नेमका किती ते सांगे. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, या बाईंचा अंदाज माझ्या थर्मामीटरइतका आहे. कारकून तेव्हा पेपरात डोकं घाले.

तर आता हा माणूस स्वतःच्या अर्जावर टिपण लिहीत होता. शेवटी त्याने लिहिलं, 'अर्जदाराचे म्हणणे विचारात घेण्याजोगे वाटते.' वाटते! छत्तीस वर्षांत त्याला पहिल्यांदा काही वाटलं.

दोन दिवसांनी अध्यक्षांनी वखारीत बोलावलं. लाकडाची वखार, करवतीचा कर्कश आवाज, टेबलावर भुशाचा थर. अध्यक्ष त्र्याऐंशी वर्षांचे. त्यांनी करवत थांबवायला सांगितली.

"शताब्दी याच हिवाळ्यात करायची," ते म्हणाले.

"साहेब, अठ्ठ्याण्णव होतायत."

"माझ्या छातीत दोनदा दुखून गेलंय. दोन वर्षं थांबा म्हणून मला सांगू नका. आमच्या आजोबांनी शाळेच्या आधी दोन वर्षं ओसरीवर पोरं शिकवली, असं घरात सांगतात."

"रजिस्टरात तसं..."

"त्याच्या आधीचं एखादं रजिस्टर असेल की. ओलीने गेलं असेल. तुमच्या भिंती मीठ गाळतात, गाव जाणतं. तेवढा एक उतारा द्या तुमच्या सहीचा."

अध्यक्षांनी टेबलावरचा भुसा हाताने एका बाजूला केला.

"तुमचा पण अर्ज आलाय म्हणे. दोनच वर्षांचा ना? मी शिफारस देतो. दोन वर्षं शाळेची, दोन वर्षं तुमची. नावं तुम्हीच वाचा."

"साहेब, माणसाला अर्ज करावा लागतो. शाळेचं वय असं नुसतं..."

"शाळेला कुठला अर्ज? शाळेची आई थोडीच साक्ष द्यायला येणारे?" आणि अध्यक्ष स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

त्याने उतारा दिला. 'शाळेचे सर्वांत जुने रजिस्टर ओलीमुळे नष्ट झाले असून उपलब्ध नोंदींवरून शाळेची स्थापना दोन वर्षे आधीची असल्याचे दिसते.' जे रजिस्टर कधी नव्हतंच ते त्याने ओलीत कुजवलं. अक्षर बिघडलं असतं तर त्यालाही बरं वाटलं असतं. पण ते नेहमीसारखंच मोत्याचं आलं. तो उतारा शाळेच्या दर्शनी भिंतीवर काचेत लावलेला आहे, आजही. अकरा वर्षांचा इतिहास त्याने पुन्हा लिहायला घेतला आणि प्रत्येक पानावर शाळेच्या वयात दोन वर्षं मिळवत गेला. साथ दोन वर्षांनी पुढे गेली, आग दोन वर्षांनी पुढे गेली. ती जुळी पोरंसुद्धा.

घरी बहिणीला त्याने उताऱ्याचं सांगितलं नाही. अर्जाचं सांगितलं. ती एकदम उजळली.

"बरं केलंस. मी येते ना वरच्या ऑफिसात. मी सांगते, आई काय म्हणायची ते. बँड वाजत होता, हे सुद्धा सांगते."

"तुला कशाला त्रास?"

"त्रास कसला दादा? माझं राहिलं ते राहिलं. तुझं तरी होऊ दे."

तो आंघोळीला जातो म्हणून उठला, आणि आंघोळ त्याची सकाळीच झालेली होती.

शाळा उघडायला पंधरा दिवस असताना वरच्या ऑफिसचं जाड पाकीट आलं. भर दुपारची वेळ, बहीण खिडकीशी बसून शताब्दीसाठी शिवायला आलेल्या नव्या शर्टांची काजं करत होती. पाकीट त्याने तिच्या पुढे धरलं.

"तू वाच. माझा चष्मा सापडत नाहीये." चष्मा खिशात होता.

तिने सुईने पाकीट फोडलं आणि शाळेत वाचायची तशी सावकाश, मोठ्याने वाचायला लागली. अध्यक्षांची शिफारस मिळाली. तथापि नोंद ही नोंद असते. अर्ज नामंजूर. याबाबत आपल्याच शाळेचे पूर्वीचे टिपण मार्गदर्शक असून त्याची मूळ प्रत सोबत जोडली आहे. अपील करावयाचे असल्यास रक्ताच्या नात्यातील व्यक्तीने तीस दिवसांत समक्ष येऊन साक्ष द्यावी.

"देते ना साक्ष," ती म्हणाली. "उद्याच जाऊ."

मागचा कागद पिवळा पडलेला होता. त्याने लांबूनच ओळखला. त्याने हात पुढे केला. "ते राहू दे. जुनं काहीतरी असेल."

"थांब की, वाचते." आणि तिने वाचलं. 'अर्जदार शुश्रूषा प्रशिक्षणास जाऊ इच्छिते. पुरावा म्हणून केवळ मातेचे सांगणे. माता सांगते, पूल झाल्यावर तिसऱ्या वर्षी...'

इथे तिचा आवाज थांबला. बाकीचं तिने मनात वाचलं. अर्जदाराचे म्हणणे अर्जदाराच्या सोयीचे आहे, हे वाक्यही मनातच वाचलं असणार, कारण तिथे तिचं बोट थोडा वेळ थांबलं. मग खालची सही बघितली. सही अजून तशीच होती, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढलेली.

"वरून नकार आला म्हणाला होतास."

"आलाच होता."

"वर कोण होतं, दादा?"

तो उभाच होता. बसावं की नाही ते त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "आईला बघायला कुणीतरी हवं होतं." चौतीस वर्षांत त्याच्या तोंडून याबद्दल निघालेलं पहिलं खरं वाक्य, आणि तेही आता.

"मग तसं म्हणायचंस," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मी राहिले असते. आईच होती माझी. नुसतं म्हणाला असतास, तू राहा, तर राहिले असते. मी चौतीस वर्षं वरच्या ऑफिसला शिव्या घातल्या, दादा. त्या साहेबाचं तोंड कसं असेल म्हणून विचार करायचे. आणि जेवायला तुला वाढायचे."

बाहेरून कुणीतरी सायकलवरून ओरडत गेलं. तिने दोन्ही कागद घडी घालून, कडा जुळवून पाकिटात परत ठेवले. त्याला वाटलं, रडेल, निदान पाकीट फेकेल. मग आपल्याला काहीतरी बोलता येईल. ती रडली नाही.

लाज माणसाला किती सोडते बघा. तो तरीही म्हणाला, "तीस दिवस आहेत. तू... पुलाचं तेवढं सांगशील ना?"

तिने सुई उजेडाकडे धरली, दोरा ओवला, गाठ मारली.

"कुठला पूल?"

"अगं, आई म्हणायची तो. मी पुलाचा, तू तिसऱ्या वर्षीची."

"मला नाही बाई आठवत. रजिस्टरात काय लिहिलंय?"

त्याचा हात खिशातल्या चष्म्यावर गेला.

"लिहिलंय ना काहीतरी? मग तेच खरं," ती म्हणाली, आणि तिने मांडीवर पुढचा शर्ट घेतला.